शेवटची गाडी किती वाजता?

१ जून १९४८च्या सकाळी नगरच्या माळीवाड्यातून एक बेडफर्ड बस पुण्याकडे निघाली. निळा रंग, चंदेरी टप, लाकडी सांगाडा. चालक किसन राऊत आणि वाहक लक्ष्मण केवटे. महाराष्ट्रातल्या एसटीचा जन्म या गाडीपासून मोजतात. पुढे १ जून २०२२ला एसटीची विजेवर चालणारी पहिली ‘शिवाई’ सुरू झाली, तीही पुणे-नगर याच मार्गावर. क्षेत्रफळानं राज्यात पहिला असलेला हा जिल्हा, १७,०४८ चौरस किलोमीटरचा. २०२४पासून त्याचं अधिकृत नाव अहिल्यानगर झालं, तरी एसटीच्या इतिहासात त्याचं पान नगर म्हणूनच उघडतं.

या जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही किनाऱ्यावर फिरायला जाणाऱ्यांच्या गाडीचा विचार इथूनच सुरू करणं सोयीचं आहे. पाणी खारं असो की गोडं, तिथं पोचण्याची अडचण एकाच जातीची असते. किनारा हे रस्त्याचं शेवटचं टोक. तिथून पुढं कुठं जायचं नसतं, त्यामुळे जाता जाता तिथं थांबणारी गाडी मिळत नाही. वस्ती थोडी, म्हणून रोजचे प्रवासी थोडे. पाहुणे येतात ते शनिवार-रविवारी, पावसाळ्यात, सुट्टीत; आणि सगळे साधारण एकाच वेळी येतात, एकाच वेळी परततात. अशा जागेला बसचं वेळापत्रक कसं द्यायचं, हा वाहतुकीच्या शास्त्रातला अवघड प्रश्न आहे. जगभर त्याची बरी-वाईट उत्तरं निघाली आहेत. त्यांतली काही आपल्याकडे कोकणात आहेत, आणि सगळ्यांत चांगल्या उत्तराची सामग्री नगर जिल्ह्याच्या आगारांमध्येच पडून आहे.

पाण्याच्या कडेची गावं

नगर म्हटलं की दुष्काळ, ऊस आणि साखर कारखाने डोळ्यांपुढे येतात. शहरात वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, सह्याद्रीच्या माथ्यावरच्या घाटघर-रतनवाडीत हा आकडा पाच हजारांच्या घरात जातो. मधलं अंतर रस्त्यानं दीडशे किलोमीटरच्या आसपास.

रतनगडाच्या कुशीत उगम पावणारी प्रवरा याच पावसावर वाढते आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. तिच्या उगमाजवळच इंग्रजांनी भंडारदऱ्याचं धरण बांधलं. १९१०मध्ये काम सुरू झालं आणि १० डिसेंबर १९२६ला मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं, म्हणून ते विल्सन डॅम. भिंत २७० फूट उंच, साठा अकरा टीएमसीहून थोडा अधिक. पंधरा ऑगस्टपर्यंत धरण भरावं, अशी खाली लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्यांची दरवर्षीची अपेक्षा. आणि नेमकं त्याच सुमाराला राज्यभरातले पर्यटक ते पाहायला येतात.

जलाशयाभोवती गावांची माळ आहे: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल. वस्ती मुख्यतः महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. रतनवाडीला अमृतेश्वराचं प्राचीन मंदिर, साम्रदला सांदण दरी, घाटघरला कोकणकडा, प्रवरेवर रंधा धबधबा आणि जवळच बारी गावातून वाट चढते ते १६४६ मीटर उंचीचं कळसूबाई, महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर. मे अखेरीपासून काजवे, पावसाळ्यात धबधबे, सप्टेंबरात सोनकीची पिवळी पठारं, थंडीत पाण्याकाठचे तंबू. ऋतू बदलला की माणसांचं निमित्त बदलतं, ओघ चालू राहतो.

इथं येणाऱ्यांची पहिली वाट संगमनेर-अकोले-राजूरहून, दुसरी मुंबई-नाशिक महामार्गावरच्या घोटीहून. मुंबईकर लोकलनं शेवटच्या कसारा स्थानकावर उतरतात किंवा लांब पल्ल्याच्या गाडीनं इगतपुरीला येतात आणि पुढे एसटी अथवा काळी-पिवळी जीप पकडतात. पोचता येतं. प्रश्न पोचण्याचा कमी आणि परतण्याचा जास्त आहे. संध्याकाळी शेंडीच्या थांब्यावर उभ्या असलेल्या कुठल्याही पाहुण्याच्या तोंडी एकच वाक्य असतं: शेवटची गाडी किती वाजता?

मुक्कामी गाडीचं गणित

या प्रश्नाचं उत्तर असमाधानकारक का असतं, हे समजायला मुक्कामी गाडी समजून घ्यावी लागते. एसटीच्या ग्रामीण वाहतुकीचा कणा म्हणजे ही गाडी. ती संध्याकाळी तालुक्याहून निघते, दिवेलागणीनंतर टोकाच्या गावी पोचते. चालक-वाहक गाडीत, देवळात किंवा समाजमंदिरात झोपतात. पहाटे गाडी परत फिरते. तिच्यात कॉलेजची मुलं असतात, दवाखान्यात निघालेले म्हातारे असतात, कोर्टाची तारीख असलेला गडी असतो, भाजीच्या पाट्या आणि कोंबड्यांच्या खुराड्यांसकट बाजारकरी असतात. सकाळी गाव तालुक्याला जातं आणि संध्याकाळी घरी येतं. गाडीची वेळ गावच्या दिवसावर बेतलेली असते, आणि ती तशीच असायला हवी.

पाहुण्याचा दिवस मात्र नेमका उलटा चालतो. त्याला सकाळी गावाकडे जायचं असतं आणि संध्याकाळी गावाहून निघायचं असतं. सकाळी भरलेली गाडी खाली उतरते तेव्हा तो चढायच्या गाडीची वाट पाहत असतो. संध्याकाळी तो उतरायला निघतो तेव्हा गाडी वर येत असते. दोघांची वाटेत गाठ पडते, पण विरुद्ध दिशांना.

वरकरणी ही अडचण वाटते. आगाराच्या हिशोबात हीच संधी आहे. एसटीत फेरीचा कस भारमानावर ठरतो, म्हणजे जागांच्या मानानं प्रवासी किती मिळाले यावर. ग्रामीण मार्गांचं दुखणं हे की सकाळी तालुक्याकडे येणारी गाडी खच्चून भरते आणि लगेच उलट जाणारी जवळपास मोकळी जाते. डिझेल दोन्हीकडे जळतं, पगार दोन्हीकडे लागतो, तिकिटं एकाच बाजूची फाटतात. पर्यटक हा मोकळ्या बाजूचा प्रवासी आहे. रिकाम्या जागेवर बसणारा माणूस आणायला वेगळी गाडी लागत नाही.

समजा, पहाटेची मुक्कामी गाडी आठच्या सुमाराला अकोल्यात आली आणि साडेआठला पाहुणे घेऊन पुन्हा शेंडीकडे वळली. सकाळचा प्रश्न सुटला. उरली संध्याकाळ. रात्री मुक्कामाला येणारी गाडी येण्याआधी, पाचच्या आसपास, शेंडीहून खाली उतरणारी एक फेरी लागते. सबंध कोड्यात कमी पडते ती ही एवढी एकच फेरी. ती नसेल तर सकाळची गाडी असूनही कुणी तिच्यात बसत नाही. परत येण्याची खात्री नसलेल्या प्रवासाला घरातली बाईमाणसं आणि लेकरं घेऊन कोण निघेल? मग सकाळच्या फेरीला भारमान नाही असा शेरा पडतो आणि तीही बंद होते. संध्याकाळची एक गाडी वाचवायला गेलं की दोन जातात.

दुसरी मेख रविवारची. आठवडाभर ग्रामीण फेऱ्यांमधला मोठा वाटा पासधारक विद्यार्थ्यांचा असतो. रविवारी शाळा-कॉलेज बंद, म्हणून त्या फेऱ्यांची गरज नसते. पर्यटकांची गर्दी मात्र त्याच दिवशी उसळते. शाळेच्या कामातून मोकळी झालेली गाडी रविवारी पाण्याकडे वळवणं हा निव्वळ वेळापत्रकाचा प्रश्न आहे, खरेदीचा नव्हे.

सहलीची गाडी

एसटीला हौसेच्या प्रवासाचं वावडं कधीच नव्हतं. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीलाच मॉरिस कमर्शियलच्या सांगाड्यावर बांधलेल्या ‘नीलकमल’ आणि ‘गिरीयारोहिणी’ या दोन आरामगाड्या पुणे-महाबळेश्वर मार्गावर धावत. दोन-दोनची आसनं, खिडक्यांना पडदे, आत घड्याळ आणि हिरवट काचा. राज्याची परिवहन सेवा बाळसं धरत असतानाच थंड हवेच्या ठिकाणी जाणाऱ्या प्रवाशाचा असा वेगळा विचार झाला होता. पुढे ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार आणि सात दिवसांचा पास आला. एकदा पैसे भरा, मुदतीत हवं तिथं फिरा. अनेक निवृत्त मास्तरांनी आणि ट्रेकर पोरांनी त्यावर महाराष्ट्र पालथा घातला.

पण नगर, बीड, सोलापूरकडच्या असंख्य लोकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो शाळेच्या सहलीत. थंडीच्या दिवसांत पहाटे तीनला शाळेच्या पटांगणात लाल गाडी उभी राहते. मुलांच्या हाती चपात्या-चटणीचे डबे, गुरुजींच्या हाती यादी. पाण्याचं पिंप मागच्या आसनाखाली. रायगड, अलिबाग, मुरूड, गणपतीपुळे असा फेरा आणि रात्री एखाद्या धर्मशाळेत पथारी. शालेय सहलींना एसटी प्रासंगिक करारावर निम्म्या दरात गाडी देते. या सवलतीनं समुद्र किती पोरांच्या आवाक्यात आणला, याचा हिशोब कुणी मांडलेला नाही. मात्र ज्या घरात मोटारसायकलीपुढे वाहन गेलं नाही, त्या घरातल्या मुलीच्या पायांना लाट लागली ती या गाडीमुळे.

शाळा सुटली की ही सोय संपते. मोठ्या माणसाला प्रासंगिक करार परवडत नाही आणि एकट्या कुटुंबाला त्याची गरजही नसते. त्याला वेळेवर सुटणारी, वेळेवर आणणारी साधी गाडी हवी असते. नगरहून कोकणात जायचं तर आधी पुणे, मग स्वारगेटहून दापोली, श्रीवर्धन किंवा अलिबागची गाडी. नाहीतर माळशेज उतरून कल्याण. रेल्वेनं जाणाऱ्याचं पुढचं गणित वेगळं. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ला पूर्ण मार्गावर सुरू झाली, पण तिची स्थानकं किनाऱ्यापासून आत आहेत. श्रीवर्धन-हरिहरेश्वरसाठी माणगाव, दापोलीसाठी खेड, गुहागरसाठी चिपळूण, मालवणसाठी कुडाळ. रेल्वे फाट्यापर्यंत आणते, समुद्रापर्यंत नेते ती एसटीच. म्हणून किनाऱ्याच्या प्रवासात कळीची जागा शेवटच्या टप्प्याची. शेकडो किलोमीटरचा प्रवास सुखाचा झाला आणि शेवटचे तीस अडले, तर माणूस पुढच्या वेळी निघतच नाही.

एका तिकिटातली बोट आणि बस

हा शेवटचा टप्पा उत्तम जुळवल्याचं उदाहरण मुंबईच्या समोरच आहे. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला बोटी जातात. मांडवा म्हणजे अलिबाग नव्हे. अलिबाग तिथून वीसएक किलोमीटर पुढे. अजंठा, मालदार, पीएनपी या बोटवाल्यांनी हा प्रश्न साध्या रीतीनं सोडवला: बोटीच्या तिकिटातच मांडवा-अलिबाग बसचं भाडं. बोट धक्क्याला लागते तेव्हा बस उभी असते. परतताना बस अलिबागहून निघते ती बोटीच्या वेळेच्या हिशोबानं. मधला रिकामा वेळ, रिक्षाशी घासाघीस, चुकामूक हे सगळं प्रवाशाच्या डोक्यावरून उतरतं. १५ मार्च २०२०पासून भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो सेवाही सुरू झाली. तिच्यात माणसांबरोबर गाड्याही चढतात. ज्याच्याकडे मोटार आहे त्याची सोय वाढली. ज्याच्याकडे नाही त्याचा आधार मात्र बोटीला जोडलेली बसच.

दक्षिणेकडे दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, जयगड-तवसाळ या खाड्यांवरच्या फेरीबोटींनी लांबलांबचे वळसे वाचवले. पूर्वी दाभोळहून गुहागरला जायचं तर चिपळूणवरून फिरून यावं लागे. आता खाडी ओलांडायला काही मिनिटं पुरतात. किनारपट्टीनं सलग प्रवास करायचा नवा पायंडा या बोटींनी पाडला.

वाहन कुठलंही असो, दोन वाहनांच्या वेळा एकमेकींना बांधलेल्या असल्या की प्रवास होतो. सुट्या असल्या की तिष्ठत बसणं होतं. इगतपुरीला गाडी येते आणि घोटीहून भंडारदऱ्याची एसटी दहा मिनिटांपूर्वी निघून गेलेली असते, तेव्हा गाड्या कमी असतात असं नव्हे. त्यांची एकमेकींशी ओळख नसते.

न्यूयॉर्कचे दोन किनारे

गाडीनं किनाऱ्याचं रूप कसं ठरतं, याचा सर्वांत ठसठशीत दाखला न्यूयॉर्कचा. शहराच्या दक्षिण टोकाला कोनी आयलंडचा समुद्रकिनारा. १९२०च्या सुमाराला भुयारी रेल्वेचं जाळं तिथपर्यंत पोचलं आणि पाच सेंटांच्या तिकिटात शहरातला कुणीही समुद्रावर जाऊ लागला. कारखान्यातले मजूर, नुकतेच देशात उतरलेले स्थलांतरित, चाळवजा इमारतींत राहणारी कुटुंबं. उन्हाळ्यातल्या रविवारी तिथं लोटणारी गर्दी दहा लाखांवर जात असल्याचं सांगत.

त्याच दशकाच्या अखेरीला, १९२९मध्ये, लाँग आयलंडवर जोन्स बीच हा देखणा सार्वजनिक किनारा उघडला. त्याचे कर्ते रॉबर्ट मोझेस. तिकडे नेणारे हिरवेगार पार्कवे त्यांनी बांधले, आणि त्या रस्त्यांवर बसगाड्यांना मज्जाव होता. गरिबांना आणि कृष्णवर्णीयांना दूर ठेवण्यासाठी त्यांनी रस्त्यावरचे पूल मुद्दाम ठेंगणे बांधले, असं रॉबर्ट कॅरो यांनी १९७४च्या ‘द पॉवर ब्रोकर’ या चरित्रात लिहिलं. पुलांमागच्या हेतूवर अभ्यासकांत वाद आहे, बसबंदीवर नाही. दोन्ही किनारे सार्वजनिक, दोन्हींवर सरकारी पैसा. एकाला गाडी थेट गेली म्हणून तो सगळ्या शहराचा झाला. दुसरा बराच काळ मुख्यतः मोटारवाल्यांचा राहिला.

आपल्याकडे गिरगाव चौपाटी आणि जुहू यांची गोष्ट कोनी आयलंडच्या जवळची आहे. चर्नी रोड स्थानकातून बाहेर पडलं की समुद्र. विलेपार्ले, सांताक्रूझ, अंधेरीहून बेस्टची बस जुहूला. भेळ खाणारी मुंबई या किनाऱ्यांवर सगळ्या थरांतली दिसते, याचं निम्मं श्रेय वाळूला आणि निम्मं लोकल-बसला.

तिसरं उदाहरण वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरचं. समुद्राच्या कड्यांवरून जाणारी तिथली पायवाट सुमारे तीनशे किलोमीटरची, १९७०मध्ये खुली झालेली. तिच्या कडेकडेनं लहान बसगाड्या फिरतात. पफिन शटल, पॉपिट रॉकेट, स्ट्रंबल शटल अशी त्यांची खेळकर नावं. गावाबाहेर सुरक्षित जागा पाहून हात दाखवला की गाडी थांबते. उन्हाळ्यात फेऱ्या जास्त, हिवाळ्यात कमी. बस असल्यामुळे चालणाऱ्याला एका गावाहून निघून दुसऱ्या गावी थांबता येतं. स्वतःची मोटार असलेल्याला ती लावली तिथं परत यावंच लागतं. हाच हिशोब आपल्या रतनगडाला लावून पाहा. रतनवाडीहून चढायचं, त्र्यंबक दरवाज्यानं साम्रदच्या बाजूला उतरायचं, हा ट्रेकर्सचा आवडता बेत. तो खऱ्या अर्थानं जमतो तो साम्रदहून गाडी मिळाली तरच.

जत्रेला जमतं ते

एवढं परदेशांत फिरण्याची गरज नाही, असं एखादा जुना वाहतूक नियंत्रक म्हणेल, आणि त्याचं म्हणणं बरोबर ठरेल. हंगामी, एका दिशेच्या, उसळत्या गर्दीची वाहतूक कशी करायची हे एसटीइतकं फार थोड्या संस्थांना ठाऊक असेल. आषाढीला पंढरपूरसाठी राज्यभरातून पाच हजारांच्या आसपास जादा गाड्या सुटतात. एखाद्या गावातून चाळीसहून अधिक वारकरी जमले की गाडी थेट त्या गावात येते. गणपतीला मुंबई-ठाण्याहून कोकणात चार-पाच हजार जादा गाड्या जातात. पाथर्डीत मोहटादेवीची नवरात्र यात्रा, मढीला कानिफनाथांची यात्रा, वर्षभर शिर्डी आणि शनिशिंगणापूर. नगर विभागाला हे काम अंगवळणी पडलेलं आहे. तात्पुरती स्थानकं उभी राहतात, गाड्यांना फलक लागतात, नियंत्रक शिट्टी घेऊन उभे राहतात, गाडी भरली की सुटते.

फरक एवढाच की जत्रेला आपण प्रवाशाची गरज मानतो आणि सहलीला चैन. देवाला जाणाऱ्याची सोय करणं हे कर्तव्य वाटतं. पाणी पाहायला जाणाऱ्यानं आपलं वाहन आणावं, असं गृहीत धरलं जातं. ही समजूत आता महागात पडते आहे. पावसाळी शनिवार-रविवारी भंडारदरा परिसरातल्या अरुंद रस्त्यांवर मोटारींच्या रांगा लागतात. पोलिसांना एकेरी वाहतूक लावावी लागते. रुग्ण घेऊन राजूरला निघालेली स्थानिकांची जीपही त्याच रांगेत अडकते. गाड्या शेताच्या बांधावर, भाताच्या खाचराच्या तोंडाशी उभ्या राहतात.

काजव्यांच्या दिवसांत तर हा प्रश्न निसर्गाच्या मुळाशी जातो. काजवा चमकतो तो जोडीदाराला खूण पटवण्यासाठी. हिरडा, बेहडा, सादड्याच्या झाडांवर ही प्रकाशाची देवाणघेवाण चालू असताना मोटारींच्या दिव्यांचे झोत पडत राहिले, तर खुणा हरवतात आणि मीलन अडतं. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वन विभाग म्हणूनच निर्बंध घालतो. पन्नास माणसं चार-चारच्या हिशोबानं आली तर बारा-तेरा मोटारी होतात. बसनं आली तर एक. चालकानं दिवे मालवले की अंधार पुरता अंधार होतो.

भंडारदऱ्याची गाडी

मग करायचं काय? नवी योजना, नवा निधी, नवं महामंडळ यांतलं काहीच लागत नाही.

मे अखेर ते सप्टेंबर या काळातल्या शनिवार-रविवारी दोन प्रकारच्या फेऱ्या हव्यात. पहिली आणणारी: संगमनेर-अकोल्याहून एक आणि घोटी-इगतपुरीहून एक, रेल्वेच्या वेळेशी बांधलेली. दुसरी फिरवणारी: शेंडीहून निघून जलाशयाला वळसा घालत घाटघर, साम्रद, रतनवाडी करून पुन्हा शेंडीला येणारी. अरुंद वळणांसाठी लहान गाडी चांगली. मोटारी शेंडीत थांबाव्यात आणि पुढचा वळसा बसनं व्हावा, अशी सवय लावता येते. माथेरानला मोटारी दस्तुरी नाक्याला थांबतात आणि पुढे लोक पायी, घोड्यावर किंवा १९०७पासून चालणाऱ्या झुकझुक गाडीनं जातात. त्यामुळे कुणी माथेरानला जायचं टाळलेलं नाही.

काळी-पिवळी जीपवाल्यांना यातून वगळणं चुकीचं ठरेल. एसटी नव्हती तेव्हा याच वडापनं डोंगरातल्या लोकांना तारलं. ज्या वाडीपर्यंत बस वळत नाही तिथला टप्पा त्यांचा असावा. दर थांब्यावर लावलेले, नंबर ठरलेला, म्हणजे पाहुण्याचं फसणं आणि चालकांची आपसातली ओढाताण दोन्ही टळेल. पाण्यावरच्या होड्यांनाही हेच लागू. भंडारदऱ्याहून रतनवाडीला होडीनं जाण्याची चाल जुनी आहे. जीवरक्षक जॅकेट, क्षमतेचा फलक आणि बसच्या वेळेशी मेळ, एवढं झालं की तीही सार्वजनिक वाहतूकच.

तिकिटाची बाजू आधीच भक्कम आहे. १७ मार्च २०२३पासून महिलांना एसटीत निम्मं भाडं आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना त्याआधीपासूनच मोफत प्रवास. म्हणजे नगरच्या एखाद्या घरातली आजी, सून आणि नात मिळून ज्या खर्चात भंडारदरा पाहून येतील, त्यात मोटारीचं नुसतं पेट्रोलही येणार नाही. सवलत सरकारनं दिली आहे. ती वापरता येईल अशी गाडी तेवढी हवी.

माहितीचं काम तर बिनखर्चाचं. शेंडी, बारी, राजूर, घोटी इथल्या थांब्यांवर ठळक अक्षरांत फलक हवा आणि त्यावर सगळ्यांत वर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ. ती वेळ पाळली जाईल याची जबाबदारी एका नावाच्या माणसावर हवी. गर्दी जास्त झाली तर मागे जादा गाडी आहे, एवढा भरवसा मिळाला की लोक मोटार घरी ठेवतात.

आणि हे पाहुण्यांपुरतं नाही. पाचची गाडी रविवारी सुरू झाली की तिचा फायदा आधी साम्रदच्या त्या मुलीला होतो, जी अकोल्याच्या वसतिगृहात राहते आणि रविवारी संध्याकाळी परत जाते. पर्यटकाच्या तिकिटावर टिकलेली फेरी गावकऱ्याच्या कामी येते. गावकऱ्याच्या पासावर टिकलेली फेरी पर्यटकाच्या. डोंगरातल्या मार्गांवर दोघांपैकी एकाच्या जोरावर गाडी चालवणं अवघड. दोघं मिळून ती चालते.

‘गाव तेथे रस्ता, रस्ता तेथे एसटी’ हे ब्रीद महाराष्ट्रानं बऱ्याच अंशी खरं करून दाखवलं. आता त्याच्या पुढची पायरी आहे: पाणी तेथे परतीची गाडी. तिची मागणी करायचा मार्ग सरळ आहे. गावकऱ्यांनी ग्रामसभेचा ठराव करून तो आगार व्यवस्थापकांकडे द्यावा, पर्यटकांनी, ट्रेकिंगच्या संस्थांनी आणि कॉलेजांनी आपल्या तारखा आणि माणसांची संख्या कळवावी, आणि गाडी सुरू झाली की तिच्यातच बसावं. फेरी अर्जानं सुरू होते, पण टिकते भारमानानं. पुढच्या पावसाळ्यात भंडारदऱ्याला निघाल तेव्हा मोटारीची किल्ली उचलण्याआधी एकदा अकोले किंवा घोटीच्या स्थानकात शेवटच्या गाडीची वेळ विचारा. विचारणारे वाढले, तर उत्तरही बदलेल.